जाऊबाईचं काचकडं

काचकडं म्हणजे काच नव्हे. आज मला कुणी विचारलं तर मी त्याला समोर बसवून, चहा पाजून, पुन्हा पुन्हा सांगेन. पण तेव्हा विचारणारंही कुणी नव्हतं आणि सांगणारंही. नावात काच आहे म्हणून आमच्या अख्ख्या गावाने ती काचच धरली. गुळगुळीत, चकचकीत, आतून पोकळ, नखाने वाजवलं की टकटक करणारं. बाहुल्या, पोपट, मासे, खुळखुळे, फण्या, सगळं काचकड्याचं मिळायचं. काच फुटते, काच टोचते, पण काच काही पेटत नाही, एवढं शहाणपण सगळ्यांना होतं. काचकडं पेटतं. आणि चुलीतल्या लाकडासारखं सावकाश नाही पेटत, ठिणगी पडायचा अवकाश, भस्सकन जातं. हे ठाऊक असलेलं एकही माणूस आमच्या घरात नव्हतं, आणि मधल्या खोलीत ते सामान भिंतभर मांडून ठेवलेलं होतं.

आमचं गाव तिसगाव आणि शेवगावच्या मधलं. घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, माझे मालक आणि मी. दीर ट्रकवर होते, कांदा भरून मुंबईला जायचे आणि रिकामे यायचे. मालक शेती बघायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरावर राज्य सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आणि जाऊबाईला आक्का. मी शेवगावात वाढलेली, सातवी पास, म्हणजे त्या घराच्या मानाने बॅरिस्टरच. आणि तोंडाने फटकळ. ती खोड अजून गेलेली नाही.

दीर रिकामे यायचे असं म्हटलं, ते तितकंसं खरं नाही. दर खेपेला त्यांच्या सीटखाली काहीतरी असायचं. जाऊबाईसाठी. कधी प्लास्टिकची द्राक्षं, कधी लाल गुलाबांचा गुच्छ, कधी साबण ठेवायचा राजहंस. मुंबईत रस्त्याच्या कडेला पथाऱ्या मांडून हे सगळं विकायचे म्हणे. उरलेलं जाऊबाई स्वतः गोळा करायची. तिसगावच्या बाजारातून, जत्रेतून, दारावर येणाऱ्या बोहारणीकडून. बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडी द्यायची. जाऊबाई मात्र तिला म्हणायची, "भांडी र्‍हाऊ दे तुझी. त्या टोपलीत खाली काय दडवलंय ते काढ." आणि जरीकाठी लुगडं देऊन प्लास्टिकचा चहाचा ट्रे घेऊन आत यायची. आत्याबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. त्या ट्रेमधून कुणाला कधी चहा दिला गेला नाही. तो उभा करून भिंतीला टेकवून ठेवायचा, कारण त्याच्यावर बदकं होती.

गावच्या सुताराकडून तिने काचेची दारं असलेलं कपाट करून घेतलं होतं. त्याला ती शोकेस म्हणायची. वरच्या फळीवर काचकडं. गुलाबी गालांच्या बाहुल्या, हिरवे पोपट, दोन्ही बाजूंनी डोळे असलेले मासे. खालच्या फळीवर प्लास्टिक. फुलं, फळं, हंस, एक ताजमहाल. कपाटाच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी खुर्च्या, हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या वायरने विणलेल्या. त्यांच्यावर चादर घातलेली असायची आणि बसायची कुणाची टाप नव्हती. आत्याबाई येता-जाता म्हणायच्या, "बसायला न्हाई, नुसत्या बघायला खुर्च्या. कोन येनार हाय, मामलेदार?"

जाऊबाई त्यावर खो-खो हसायची. उंच, हाडापेराने मोठी बाई, हसली की माजघरातली भांडी वाजायची. मी नवी नवरी म्हणून घरात आले, बिथरलेली, रडून डोळे सुजलेली, तर हिने मला हाताला धरून पहिल्यांदा शोकेसपुढे नेलं. हंस काढून माझ्या हातात दिला. "ह्याच्या पाठीवर साबन ठेवायचा म्हनं. हंसाच्या पाठीवर साबन! मुंबईच्या मानसांना अक्कल न्हाई, व्हय ना गं?" त्या घरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. त्या बाईवर माझा जीव जडला तो तिथेच, उगाच दुसरी कारणं कशाला शोधू?

दर शुक्रवारी ती सगळं खाली काढायची आणि रिठ्याच्या पाण्यात धुवायची. मी मदतीला. एकेक पोपट पुसून ती नाकाशी न्यायची. "वास घे," म्हणायची. "देवघरासारखा वास येतो बघ." खरंच यायचा. कापराचा. अगदी बारीक, पण कापराचाच. आम्ही दोघी जाणत्या बायका, रोज आरतीला कापूर पेटवणाऱ्या, तो वास हुंगून खूश व्हायचो आणि पोपट परत फळीवर ठेवायचो. काचकडं करताना त्यात कापूरच घालतात, हे मला फार पुढे कळलं.

जाऊबाईला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली. मी आले तेव्हा गावात या गोष्टीची चर्चाही जुनी झाली होती, पण थांबली नव्हती. शेजारी एक म्हातारी राहायची, आत्याबाईंची मैत्रीण, दुपारी तंबाखू मळायला आमच्या ओट्यावर हजर. ती म्हणायची, "पोटी पोर न्हाई म्हून बाहुल्या सांबाळती बिचारी." त्यातला 'बिचारी' हा शब्द हळूहळू गळला. मग म्हणायला लागली, "बाहुल्यांचे डोळं बघितलं का? आन् हिचं बघितलं का? सारखंच." हे बोलताना ती आवाजही खाली आणायची नाही. जाऊबाई आत भाकरी थापत असायची. थापण्याचा आवाज क्षणभर थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मग पाऊस गेला. त्या वर्षी नुसता हुलकावण्या देऊन गेला आणि पुढच्या वर्षी तेवढंही केलं नाही. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचं, जनावरं हाडं दिसेपर्यंत वाळलेली, माणसं खडी फोडायच्या कामावर. माझे मालकही गेले. हाताला घट्टे घेऊन यायचे आणि जेवून झोपायचे. दुपारी फुफाट्याचा वारा सुटायचा. मधल्या खोलीच्या दाराला जाऊबाईने प्लास्टिकच्या नळ्यांचा पडदा लावला होता, तो त्या वाऱ्यात एकसारखा खडखडायचा. घरात कुणी नसताना तो आवाज ऐकला की मला उगीच वाटायचं की कुणीतरी आत येतंय. मी दार लावून घ्यायची.

त्या दसऱ्याला झेंडू नव्हता. गावात कुणाच्याच दारी नव्हता. आंब्याचे टाळे तेवढे बांधायचे, तेही करपलेले. जाऊबाईने काय करावं? शोकेसमधली पिवळी प्लास्टिकची फुलं काढली, दोऱ्यात ओवली आणि छान तोरण करून दाराला लावलं. साऱ्या गल्लीत एकच आमचं दार उजळलेलं. तिला केवढा आनंद झाला होता! सोनं वाटायला आलेली माणसं वर बघायची आणि सोनं देऊन लगेच निघायची. शेजारची म्हातारी बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मग म्हणाली, "देवाच्या सनाला खोटी फुलं. मग पाऊस तरी खरा कुठनं येनार?"

झालं. दुष्काळ कुणी आणला हे गावाला कळलं. पुढे काही दिवसांनी आमची म्हैस बसली ती उठली नाही. चारा नव्हता, पाणी नव्हतं, साऱ्या गावातली जनावरं मरत होती. पण आमची म्हैस मेली ती जाऊबाईच्या नजरेने. का, तर आदल्या दिवशी तिने म्हशीच्या पाठीवर हात फिरवून "केवढी गोजिरी हाय" म्हटलं होतं. मी आत्याबाईंना म्हटलं, "अहो, मग शेजारच्यांचे बैल कुणाच्या नजरेनं मेले? का आमच्या आक्का सगळ्या गावात हात फिरवत हिंडतात?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू गिळूनच टाकतील. त्या दिवसापासून त्यांनी जाऊबाईच्या हातचं पाणी घेणं बंद केलं.

अशा सगळ्यात मला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझी आई मी दहा-बारा वर्षांची असतानाच गेली होती आणि वडील त्यांच्या भावाकडे परक्यासारखे राहायचे. तेव्हा बाळंतपण सासरीच ठरलं. जाऊबाईने ऐकलं तेव्हा ती मला मिठी मारून रडली. आणि आत्याबाई त्याच दिवसापासून कामाला लागल्या. माझ्या दंडात काळा दोरा, उशाशी विळा, खोलीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा. वाळलेला, पण डहाळा. आणि हळूच कानात सांगितलं, "थोरलीच्या हातचं काई खाऊ नको. तिच्यासमोर पोटावरचा पदर ढळू देऊ नको. वांझ बाईची नजर लई वंगाळ."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांच्या हातच्या भाकरी खाऊनच हे पोट वाढलंय." पण माझं कोण ऐकतंय? मुलगा झाला, धडधाकट झाला, आणि बाळंतिणीच्या खोलीत जाऊबाईला बंदी झाली. स्पष्ट कुणी म्हटलं नाही. ती दारात आली की आत्याबाई उठून मध्ये उभ्या राहायच्या, आपल्याला काही काम आठवल्यासारखं करून. तिने दिलेलं धुपाटणं बाहेरच घ्यायचं, तिने शिवलेली कुंची आधी उन्हात टाकायची. जाऊबाई उंबऱ्याबाहेरून मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करायची. तिला बाळाचे पायच तेवढे दिसायचे. "पाय तरी लांब हाईत गं," ती म्हणायची, "चुलत्यावर गेलाय." आणि जायची.

ती आता हसत नव्हती. घरात भांडी वाजायची बंद झाली होती. मला बाळाचा आनंद होताच, पण त्या शांततेची भीती त्याहून जास्त वाटायची.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. खिडकीच्या गजांशी जाऊबाई आली. बाहेरून. परक्या बाईसारखी.

"धाकले," ती म्हणाली, "एक मागू? न्हाई म्हन्लीस तरी राग न्हाई."

"मागा की. असं काय बोलता, आक्का?"

"पाळना मी सजवू का? बाळाला हात लावत न्हाई. नुस्ता पाळना. माझं काचकडं लावते. पोपट, मासे, समदं. तुझं लेकरू वर बघून हसंल."

काय मागितलं तिने? मी म्हटलं, "सगळी शोकेस रिकामी करा. बघतेच कोण अडवतं ते." आणि आत्याबाई आल्यावर मी भांडले. बाळंतीण, अंगात त्राण नाही, पण अशी भांडले की मालक मध्ये पडले आणि म्हणाले, "आई, सजवू दे वैनीला. पाळन्यानं काय व्हतंय?" आत्याबाई शेवटी म्हणाल्या, "सजवू दे. पन मग मी माझं केल्याबिगर र्‍हानार न्हाई." त्या काय करणार हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी पाळण्याला नाही म्हटलं नसतं. काच वाटत होती ना ती मलाही.

पाळणा फार सुंदर सजवला होता. खोटं कशाला बोलू, तसा पाळणा मी परत पाहिला नाही. दोरांना प्लास्टिकच्या फुलांचे वेल गुंडाळलेले. वर मधोमध खेळण्यांचं चिमणाळं टांगतात, तिथे काचकड्याचा सगळा झुपका. पोपट, मासे, छोट्या बाहुल्या, एकमेकांवर आपटून टकटक करणारे. बाळ खाली ठेवलं तर ते एकटक वर बघत राहिलं. बायका जमल्या होत्या, कडक ऊन होतं, खोलीत दाटी आणि घाम. जाऊबाई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिने इरकली लुगडं नेसलं होतं. बऱ्याच दिवसांनी मी तिच्या चेहऱ्यावर उजेड पाहिला. ती पाळण्याकडे बघत होती.

बायका गाणं म्हणायला लागणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांबा. आदी दिष्ट काढते." आणि आत गेल्या.

दृष्ट काढणं नवीन नव्हतं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, लेकरावरून उतरवायच्या आणि नेऊन चुलीत टाकायच्या. मिरचीचा ठसका उठला तर ठीक. नाही उठला तर समजायचं की दृष्ट जबर होती. पण त्या दिवशी आत्याबाईंनी चुलीपर्यंत जायचं ठरवलंच नव्हतं. त्या चूल घेऊनच आल्या. खापराच्या परळात रसरशीत निखारे. म्हणाल्या, "समद्यांच्या देखत काढते. ज्याची असंल त्याच्या देखत." आणि मागे भिंतीकडे बघितलं. बायकांनी वाट करून दिली. जाऊबाईच्या आजूबाजूची जागा रिकामी झाली.

मी म्हटलं, "आत्याबाई, विस्तव लांब धरा." त्या म्हणाल्या, "तू गप." पाळण्याला डाव्या हाताने थांबवून त्यांनी उजव्या हातातलं परळ बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं, मग पाळण्याभोवती, मग वर. पुटपुटत होत्या. मग परळ पाळण्याच्या कडेशी धरून, झुपक्याच्या खाली, मूठ त्यात सोडली.

मीठ आणि मोहरी विस्तवात पडली की काय होतं हे कुठल्या बाईला सांगायला हवं? तडतडली. निखाऱ्याचे बारीक कण उडाले. एक पोपटावर बसला असेल, नाहीतर माशावर. मला नीट दिसलं नाही. मला दिसलं ते हे की पाळण्याच्या वर एकदम पांढरा लोळ उठला. आवाज झाला, कुणी मोठा श्वास सोडल्यासारखा. आणि कापराचा वास. मग बायकांची किंकाळी आणि सगळ्या दाराकडे. मला कुणाचा तरी धक्का लागला, मी पडले. उठता येईना. पाळण्यात माझं लेकरू आणि वरून पेटलेले थेंब पडायला लागलेले.

जाऊबाई कुठून, कशी आली ते मी पाहिलं नाही. तिने आधी बाळ घेतलं नाही. बाळाला हात लावणार नाही असं म्हणाली होती ना! तिने दोन्ही हातांनी तो पेटलेला झुपका धरला, पाळण्यावरून तोडला, पोटाशी घेतला आणि तशीच अंगणात पळाली. वितळलेलं काचकडं हाताला चिकटतं, झटकून सुटत नाही. ती मातीत हात घासत होती. फुलांच्या वेलींची आग बाहेरून धावत आलेल्या मालकांनी घोंगडं टाकून दाबली आणि बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं. मी त्याला उघडं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं, तळवे पाहिले. कुंचीची किनार करपली होती. बाकी काही नाही. ते तर रडतही नव्हतं.

मी म्हणणार होते, "आक्कांकडे बघा, आधी आक्कांकडे बघा." तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. त्या ते परळ हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"बघितलं गं बायांनो? बघितलं का? केवढी दिष्ट हुती! आगीचा लोळ उठला!"

आणि बायका दारातून माना आत घालून म्हणाल्या, "व्हय बाई. आजवर असं बघितलं न्हाई. व्हय बाई."

अंगणात मातीत बसलेल्या जाऊबाईने ते ऐकलं. तिने हात घासायचे थांबवले.

शेवगावच्या दवाखान्यात तिला ट्रॅक्टरमधून नेलं. बरेच दिवस ती तिकडेच होती. आली तेव्हा पोटाला भाजल्याचे डाग, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि पुढे पट्ट्या सुटल्यावरही बोटं पुरती उघडत नव्हती. तोपर्यंत गावात हकिकत पक्की झाली होती. वांझेची नजर इतकी जबर की विस्तवालाही पेलली नाही. आत्याबाईंनी वेळेवर दृष्ट काढली म्हणून लेकरू वाचलं. आत्याबाईंनी! मी रागाने वेडी व्हायची बाकी होते. ज्यांनी लेकरू वाचवलं ते हात आमच्याच घरात भिंतीला टेकून बसलेले, आणि गाव आत्याबाईंच्या पाया पडून जात होतं.

एकदा घरची सगळी माणसं अंगणात असताना मी शोकेसमधून उरलेला एक मासा काढला. ओट्याच्या दगडावर ठेवला. आगपेटी घेतली. म्हटलं, "इकडे बघा सगळे." आणि काडी ओढून त्याच्याजवळ नेली. लावलीसुद्धा नाही नीट, तो भस्सकन गेला. तसाच पांढरा लोळ. दगडावर काळा डाग राहिला फक्त. मी म्हटलं, "आता? आता कुणाची नजर होती? काडी मी लावली. ही काच नाही, आत्याबाई, हे पेटतं. तुमच्या विस्तवानं पेटलं."

मला वाटलं होतं, आता संपलं. आत्याबाईंनी त्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वस्तू कुनाची हुती? तिचीच ना? वर्साची वर्सं तिनंच बघितलेली, तिनंच पुसलेली. वस्तूतबी उतरती नजर." दीर टोपी डोक्यावर घालून ट्रककडे निघून गेले. मालक म्हणाले, "जाऊ दे गं." जाऊ दे म्हणे!

मी जाऊबाईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आक्का, तुम्ही तरी पाहिलंत ना? डोळ्यांनी पाहिलंत ना आत्ता?"

ती अगदी हळू म्हणाली, "धाकले, तुला एक सांगते. त्या दिवशी मी पाळन्याकडं बघत हुते. डोळं भरून. आन् माझ्या मनात आलं हुतं, हे माझं असतं तर. आलं हुतं मनात. न्हाई कशाला म्हनू? आन् त्याच घडीला पेटलं."

"अहो, ते कुणाच्याही मनात येईल!"

"येईल. पन पेटलं माझ्या येळंला." तिने पट्टीतले हात मांडीवर ठेवले. "तू काडी दाखव न्हाईतर समदी आगपेटी दाखव. मला ठावं हाय काय झालं ते."

मी तिच्याशी भांडले, रडले, हातापाया पडले. आत्याबाईंना हरवता आलं नाही याचं मला तितकं वाटलं नाही. त्या तशाच होत्या. पण या बाईला, जिने हात जाळून घेतले तिला, मी तिच्याच मनातून सोडवू शकले नाही. दिरांनी पुढच्या खेपेला येताना काही आणलं नाही. शोकेसमधलं सगळं गोणीत भरून त्यांनी कोरड्या विहिरीत टाकलं, जाऊबाईनेच सांगितलं टाकायला. आत्याबाईंनी त्या कपाटात बी-बियाणं ठेवलं.

माझा मुलगा वाढला तो खरं तर तिच्याच हातावर. त्याची पेज ती करायची, आखडलेल्या बोटांनी अंगडी शिवायची, आत्याबाई शेतावर गेल्या की त्याला मांडीवर घेऊन थोपटायची. मीच आणून द्यायची. पण त्याच्याकडे ती बघायची नाही. तो जवळ आला की डोळे मिटून घ्यायची. घट्ट, सुरकुत्या पडेपर्यंत. मिटल्या डोळ्यांनी त्याला भरवायची, मिटल्या डोळ्यांनी त्याच्याशी लाडे लाडे बोलायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडले तिच्यावर. नंतर ओरडायचीही थांबले.

तो चालायला लागला तेव्हा त्याला वाटलं, हा खेळ आहे. मोठ्या आईकडे जायचं म्हणजे असंच जायचं. उंबऱ्यावर आला की तो आधी उभा राहायचा, डोळे घट्ट मिटायचा, दोन्ही हात पुढे करायचा आणि खिदळत तिच्याकडे निघायचा. तिकडे तीही डोळे मिटून, हात पसरून बसलेली. कधी तो खांबाला धडकायचा, कधी तिच्या बाजूने निघून जायचा. मग दोघं एकमेकांना हातांनी चाचपडत शोधायची, आणि मी चुलीपाशी बसून ते बघत असायची.